एक दांडा की दोन?

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगलागौरीच्या देवळाकडे वळले, की कानावर मराठी पडण्याचा संभव अजूनही असतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सारा पट्टा पेशवाईपासून दक्षिणी कुटुंबांच्या वस्तीचा. येथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मालट्रक सोडाच, बैलगाडीलाही शिरायला वाव नाही. दक्षिणेकडून येणारा माल गावाबाहेर उतरतो आणि हातगाडीवरून किंवा हमालाच्या डोक्यावरून घाटापर्यंत येतो. परंतु तो माल गावाबाहेरपर्यंत येतो कसा, या प्रश्नात एका यंत्रभागाचा मोठा मनोरंजक इतिहास दडलेला आहे, आणि आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

वाराणसीहून निघून रीवा, कटनी, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर असा थेट कन्याकुमारीला जाणारा रस्ता दीर्घकाळ ‘राष्ट्रीय महामार्ग ७’ या नावाने ओळखला जाई. लांबी सुमारे २३७० किलोमीटर. त्या काळी देशातला सर्वांत लांब महामार्ग तो हाच होता. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या आकड्यांत वाटले गेले. नागपुराजवळचा भाग आता ४४ या क्रमांकात मोडतो. १८७० साली मुंबईकडचा आणि अलाहाबादकडचा असे दोन लोहमार्ग जबलपुरास जोडले गेले. त्यापूर्वी काशीयात्रेला निघालेला वऱ्हाडातला माणूस याच दिशेने पायी किंवा बैलगाडीने जात असे.

बैलगाडीची एक गोष्ट ध्यानात घ्या. तिची शक्ती पुढे असते आणि ती पुढून ओढते. गाडी हातभर लांब केली तरी बैलांना त्याचे काही वाटत नाही. वजन तेवढे वाढते. मालट्रकाचे तसे नाही. त्याचे इंजिन पुढे, जमिनीला रेटा देणारी चाके मागे आणि या दोहोंच्या मध्ये सगळा माल. म्हणजे शक्तीला मालाच्या पोटाखालून मागे जावे लागते, आणि ती जाते एका फिरत्या दांड्यातून. गाडी जितकी लांब तितका हा दांडा लांब. मग हा दांडा एकसंध असावा की मधोमध तोडून दोन तुकड्यांचा करावा? प्रश्न कारखान्यातला वाटतो. पण लांब पल्ल्याची मालवाहतूक शक्य झाली ती त्याचे उत्तर सापडल्यावर.

आपल्याकडे सर्व वर्कशॉपांत या दांड्याला ‘प्रोपेलर शाफ्ट’ म्हणतात. ट्रकाला पंखा नाही, मग हे नाव कोठून आले? ते आले जहाजांकडून. आगबोटीत इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा तो प्रोपेलर शाफ्ट. मंगलागौरीखालच्या पाण्यात ज्या यंत्रनौका फिरतात त्यांच्यात तो हातभर लांबीचा असतो; मोठ्या जहाजात मात्र तो इतका लांब असतो की अनेक तुकडे जोडून आणि जागोजाग बेअरिंगांचे टेकू देऊनच तो बसवावा लागतो. जहाज बांधणाऱ्यांना जे आधीपासून ठाऊक होते ते मोटार बांधणाऱ्यांना नव्याने शिकावे लागले. जहाजाचा दांडा निदान सरळ रेषेत तरी असतो. ट्रकाचा मागचा आस पाट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेला. रस्त्यात खड्डा आला की तो वर उसळतो, खाली जातो. अशा नाचऱ्या टोकाला फिरता दांडा जोडायचा म्हणजे सांध्याला कोन करता आला पाहिजे.

हा सांधा मोटारीहून फार जुना आहे. इटालियन पंडित कार्दानो याचे नाव त्याला युरोपात अजून चिकटून आहे. तो सोळाव्या शतकातला. पण फिरती गती कोनातून पुढे नेणाऱ्या सांध्याचे नीट विवेचन केले ते इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने, १६७६ साली सूर्यदर्शक दुर्बिणींवर लिहिलेल्या पुस्तकात. दोन काटे, त्यांच्यामध्ये एक चौफुली, एवढीच त्याची रचना. आपले मेकॅनिक त्या चौफुलीला ‘क्रॉस’ म्हणतात. हूकच्या ध्यानात आले की हा सांधा कोनात फिरला तर एक शाफ्ट सारख्या गतीने फिरत असूनही दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. त्याने याचे साम्य दाखविले ते सपाट छायायंत्राशी. सपाट फरशीवरच्या छायायंत्रात सकाळ-संध्याकाळी सावली भराभर सरकते आणि मध्यान्ही मंद होते. सूर्याची गती मात्र सारखीच असते. सावलीचा हा नियम आणि सांध्याचा नियम गणिताने एकच आहेत.

येथे काशी पुन्हा आठवल्यावाचून राहत नाही. पंचगंगेवरून नावेत बसून दक्षिणेकडे गेले की मानमंदिर घाट लागतो. तेथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तिच्यातल्या सम्राट यंत्राच्या कमानी विषुववृत्ताच्या प्रतलात कललेल्या आहेत. त्यामुळे त्यांवरची सावली समगतीने सरकते. सांधा अगदी सरळ असताना जी स्थिती, तीच ही. आणि १८६६ साली या वेधशाळेचे शास्त्रीय वर्णन लिहिले ते एका मराठी माणसाने: पुण्यात जन्मलेल्या, नागपुरास वाढलेल्या आणि १८४२ पासून काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित-ज्योतिष शिकविणाऱ्या बापूदेव शास्त्र्यांनी. मोटार त्यांनी पाहिली नाही.  परंतु ज्या त्रिकोणमितीने छायेचा हिशेब होतो, तिनेच आज ट्रकाच्या शाफ्टाचा होतो. छायायंत्राला सावली धावली-थांबली म्हणून काही होत नाही. फिरत्या लोखंडाला मात्र होते. सांध्याचा कोन १० अंश असेल तर गती दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का कमीजास्त होते. २० अंश असेल तर सहा टक्क्यांपर्यंत. मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेणाऱ्या दांड्याला हा हिसका फेऱ्यागणिक दोनदा बसतो. यावर उपाय असा की दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा द्यावा, दोहोंचे कोन सारखे ठेवावेत आणि दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसवावेत. पहिल्याने केलेली चूक दुसरा सांधा मग भरून काढतो.

मोटारीच्या बाल्यावस्थेत हा सांधा फारसा कोणी वापरीत नसे. सायकलीसारखी साखळी असे. १८९८ साली लुई रेनॉने आपल्या छोट्या गाडीत साखळीच्या जागी शाफ्ट घातला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसर या तरुणाला १९०३ साली सांध्याचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्याने ते सांधे बनविण्याचा धंदा सुरू केला. फोर्डच्या १९०८ च्या ‘टी’ गाडीत शाफ्ट एका जाड नळीत बंदिस्त होता आणि सांधा एकच, पुढे. ट्रक मात्र दीर्घकाळ साखळीलाच चिकटून राहिले. मॅक कंपनीचा साखळीचा ‘एसी’ ट्रक १९१६ पासून १९३८ पर्यंत निघत होता. हा मागासलेपणा होता असे समजू नका. साखळीच्या गाडीत दांडा आडवा आणि आखूड असे. लांबीचा प्रश्नच उद्भवत नसे, आणि त्या काळच्या ट्रकांचा वेगही बेताचा. रस्ते सुधारले, हवेचे टायर आले, वेग वाढला, माल भरायला लांब हौदा हवा झाला, आणि मग शाफ्ट लांबविताच त्याने आपला खरा स्वभाव दाखविला.

तो स्वभाव कागदावर आधीच मांडला गेला होता. १८६९ साली ग्लासगोच्या प्राध्यापक रँकिनने ‘दि एंजिनियर’ या साप्ताहिकात फिरत्या दांड्यांवर एक लेख लिहिला. कोणताही दांडा अगदी सरळ आणि समतोल नसतो. केसभर तरी बाक असतोच. फिरताना तो बाक बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि लोखंडाची ताठरता त्याला आत खेचते. एका विशिष्ट वेगाला ताठरता हरते आणि दांडा मुली उड्या मारतात त्या दोरीसारखा पोट काढून फिरू लागतो. तो त्या दांड्याचा घातक वेग. या वेगापलीकडे दांडा चालूच शकणार नाही असे रँकिनने मानले होते. स्वीडनच्या द लाव्हालने ते खोटे ठरविले. आपल्या वाफेच्या टर्बाइनला त्याने मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट दिला आणि तो घातक वेगाच्या पलीकडे सुखेनैव चालविला. याची नीट मीमांसा जेफकॉटने केली १९१९ साली. योगायोग असा की त्याच वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

मग ट्रकाचा शाफ्टही घातक वेगाच्या पलीकडे का चालवू नये? कारण टर्बाइन दिवसातून एकदा सुरू होते आणि तो धोक्याचा टप्पा क्षणात ओलांडते. ट्रकाला मात्र दर फाट्याला, दर म्हशीपुढे, दर जकात नाक्यावर (ते नाके होते तेव्हा) शून्यावर येऊन पुन्हा वेग घ्यावा लागतो. शिवाय चालक नेमका त्या घातक वेगावरच तासभर गाडी धरून बसला तर त्याला कोण सांगणार? म्हणून ट्रकाचा शाफ्ट नेहमी घातक वेगाच्या खालीच, बहुधा त्याच्या पाऊण मर्यादेच्या आत चालवतात.

आता थोडा हिशेब करू. श्रोत्यांनी कंटाळू नये; सगळ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. घातक वेग दांड्याच्या जाडीच्या पटीत वाढतो, पण लांबीच्या वर्गाच्या पटीत घटतो. जाडी दुप्पट केली तर तो दुप्पट. लांबी निम्मी केली तर चौपट. समजा, १०० मिलिमीटर व्यासाची आणि ४ मिलिमीटर जाड भिंतीची पोलादी नळी आहे. दोन टोकांमधले अंतर दीड मीटर असेल तर तिचा घातक वेग मिनिटाला सुमारे ७३०० फेरे. लांबी २ मीटर १० सेंटिमीटर केली तर सुमारे ३७००. आणि ३ मीटर केली तर फक्त १८०० च्या आसपास. डिझेल ट्रकाचे इंजिन २८०० फेऱ्यांपर्यंत जाते असे धरू, आणि वरच्या सरळ गिअरात शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो. म्हणजे ३ मीटरचा एकसंध दांडा पूर्ण वेग येण्याच्या कितीतरी आधीच पोट काढील. पाऊण मर्यादा धरली तर या नळीला सव्वादोन मीटरही झेपत नाहीत. दोन मीटरपुढे चारेक बोटे, एवढीच मजल.

कित्येक अनुभवी माणसेही म्हणतात की नळी कमकुवत असेल, भरीव दांडा घाला. हा सल्ला ऐकून मला नेहमी आश्चर्य वाटते. त्याच २ मीटर १० सेंटिमीटर लांबीचा १०० मिलिमीटरचा भरीव दांडा घेतला तर घातक वेग ३७०० वरून २७०० वर उतरतो! कारण मधल्या लोखंडाने वजन जितक्या पटीने वाढते, तितक्या पटीने ताठरता वाढत नाही. नळीचा व्यास वाढवावा म्हटले तर खाली रस्ता आणि वर चासीच्या आडव्या पट्ट्या आडव्या येतात. म्हणजे शेवटी लांबीच तोडली पाहिजे.

म्हणून लांब ट्रकाचा शाफ्ट दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा गिअरबॉक्सपासून निघून चासीच्या मध्यावर संपतो आणि तेथे रबराच्या कड्यात बसविलेल्या एका बेअरिंगावर टेकतो. हे सेंटर बेअरिंग. मागचा तुकडा तेथून मागच्या आसापर्यंत. तोच काय तो खालीवर होतो आणि दात्यांवर मागेपुढे सरकतो. दोन सांध्यांचे तीन झाले आणि तीन मीटरचा एक दांडा दीड-दीड मीटरचे दोन झाला, की दोघांचेही घातक वेग इंजिनाच्या आवाक्याबाहेर गेले.

पण हे फुकट मिळत नाही. सेंटर बेअरिंग चाकांमागे उडणाऱ्या धुळीत आणि पावसाळ्यात चिखलात राबते. त्याचे रबर कुजते, ग्रीस धुपून जाते. बेअरिंग खिळखिळे झाले की दोन तुकडे करून जे कमावले ते सारे गेले, कारण टेकू सुटलेला दांडा म्हणजे पुन्हा लांब दांडाच. शिवाय कोनात फिरणारा सांधा आपल्या शेजारच्या बेअरिंगाला फेऱ्यागणिक दोनदा बाजूला ढकलतो. भरलेली गाडी पहिल्या गिअरात जागची हलते तेव्हा पिळाचा जोर सर्वांत जास्त, आणि त्याच वेळी चालकाच्या पायांखाली एक घरघर जाणवते ती हीच. ती कमी करायची तर पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ रेषेत ठेवावा आणि मागच्या दोन सांध्यांनी सारखे कोन वाटून घ्यावेत. अगदी शून्य कोनही चांगला नव्हे; क्रॉसमधल्या सुयांसारख्या बारीक रुळांना थोडे तरी हलावे लागते, नाहीतर त्या एकाच जागी खाच पाडतात. आणि शाफ्ट खोलून परत बसविताना दात्यांजवळ कोरलेले दोन बाण समोरासमोर आणले नाहीत, तर एक सांधा दुसऱ्याची चूक भरून काढण्याऐवजी तिच्यात भर घालतो. यामुळे आखूड गाडीला, म्हणजे जिच्या गिअरबॉक्सपासून आसापर्यंतचे अंतर दोन मीटरच्या आत आहे अशा टिपरसारख्या गाडीला, एकसंध दांडाच उत्तम. तेथे दोन तुकडे करणे म्हणजे झीज विकत घेणे होय.

आपल्या देशात ही निवड प्रथम परदेशी कारखानदारांनीच केलेली असे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर घराण्याच्या गाड्या निघू लागल्या. १९४८ साली १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली बस धावली. त्या ताफ्यात शेव्हरले, बेडफर्ड, लेलँड अशी नाना देशांची चासी होती. १९५४ साली जमशेदपुरास टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढावयास आरंभ केला आणि १९६९ मध्ये तो करार संपल्यावर ते आपल्या नावाने चालू ठेवले. टाटांच्या ट्रकाच्या नावात तिरक्या रेघेपुढे ३६ किंवा ४२ असा आकडा असे. ही चाकांमधल्या अंतराची खूण: ४२ म्हणजे सुमारे ४२ डेसिमीटर, सव्वाचार मीटर. तो आकडा वाचणाऱ्याला शाफ्टाचे अर्धे उत्तर तेथेच मिळे.

निवड कारखान्यात झाली. ती मोडली गेली रस्त्याकडेच्या वर्कशॉपात. आपल्याकडे ट्रक बहुधा उघड्या चासीच्या रूपाने विकला जाई आणि हौदा गावोगावचे कारागीर बांधीत. हलका पण फुगीर माल नेणाऱ्या मालकाला हौदा दोन फूट लांब हवा असे. मग चासी कापून जोड देत आणि शाफ्टही कापून मधे नळीचा तुकडा वेल्ड करीत. अंगणात गाडी फिरवून पाहिली की उत्तम चाले. मोकळ्या महामार्गावर वेग येईपर्यंत कोणाला काही कळत नसे. वरच्या हिशेबातल्या दोन मीटर १० सेंटिमीटरच्या दांड्यात दोन फूट घातले, की घातक वेग ३७०० वरून सुमारे २२०० वर येतो. जोड कितीही मजबूत असो, त्याने हा आकडा बदलत नाही.

उतारावरची गोष्ट याहून वाईट. डिझेल वाचावे म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड आपल्याकडे जुनी. इंजिन तेव्हा शांत असते. पण शाफ्ट चाकांशी जोडलेलाच राहतो आणि चाकांच्या वेगाने फिरतो. चाकाचा परीघ ३ मीटर आणि आसातली घट सहाला एक धरली, तर ताशी ८४ किलोमीटरला शाफ्ट २८०० फेऱ्यांवर येतो आणि ताशी १०० ला ३३०० च्या वर जातो. इंजिनाचा नियंत्रक येथे काही करू शकत नाही, कारण इंजिनाचा संबंधच तुटलेला आहे. पुढचा सांधा अशा वेळी तुटला तर शाफ्टाचे टोक रस्त्यात रुतून गाडीला मागून उचलू शकते, किंवा मोकळा दांडा फिरता फिरता ब्रेकच्या नळ्या तोडतो. घाटात दोन्ही सारखेच. म्हणून पुढच्या सांध्यामागे शाफ्टाभोवती एक लोखंडी कडे लावतात. दोनचार किलोचा हा तुकडा कित्येक गाड्यांवर गंजून पडलेला असतो आणि पुन्हा लावला जात नाही.

सरकारी नोकरीत अपघातांची टिपणे वाचण्याचा प्रसंग येतो. कारणाच्या रकान्यात पुष्कळदा ‘यांत्रिक बिघाड’ एवढे दोनच शब्द असतात. कोणते यंत्र, कोणता बिघाड, चासी मूळची होती की लांबविलेली, हे टिपणावरून समजत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने नोंदविलेल्या तपशिलाविरुद्ध वाहनात फेरफार करण्यास मनाई करते. कलम योग्यच आहे. पण तपासणाऱ्याने गाडीखाली वाकून एक फीतपट्टी धरली तरच त्याचा उपयोग.

अलीकडे एकसंध दांडा नव्या वेषात परत येऊ पाहत आहे. ॲल्युमिनियमने फारसे साधत नाही, कारण ते हलके असले तरी तितकेच लवचीकही आहे आणि घातक वेग जवळपास पोलादाइतकाच राहतो. कार्बनच्या तंतूंची नळी मात्र हलकी असून ताठ असते; काही मोटारींत तिच्यामुळे सेंटर बेअरिंग काढून टाकता आले आहे. ट्रकाच्या पिळाला आणि आपल्याकडच्या ट्रकांच्या किमतीला ती कितपत परवडेल हा प्रश्न वेगळा. विजेवर चालणाऱ्या काही वाहनांत मोटरच मागच्या आसावर बसविलेली असते, तेथे लांब दांड्याची गरजच उरत नाही. तूर्त नागपूरहून जबलपूरमार्गे काशीकडे जाणारे बारा-चौदा चाकांचे ट्रक इतके लांब झाले आहेत की दोन तुकड्यांनीही भागत नाही. कित्येकांच्या पोटाखाली तीन तुकडे आणि दोन सेंटर बेअरिंगे असतात. ते ट्रक काशीच्या वेशीबाहेर थांबतात, आणि मंगलागौरीपर्यंतचा उरलेला रस्ता पोत्यांना हातगाडीवरूनच काढावा लागतो.